फिप्रोनिल स्प्रे सापाच्या माइटवर कितपत चालतो?

माइट म्हणजे सापाच्या अंगावर बसून रक्त पिणारा बारीक किडा. खास त्याच्यासाठी बनवलेलं औषध जळगाव-धुळ्याच्या दुकानांत सहसा मिळत नाही. मिळतो तो कुत्र्या-मांजरांच्या गोचीड-पिसवांवरचा ०.२५ टक्के फिप्रोनिल या कीटकनाशकाचा स्प्रे. फ्रंटलाईन हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव. पाळलेल्या बॉल पायथन किंवा कॉर्न स्नेक या परदेशी सापांवर माइट झाले की बहुतेक जण हीच बाटली घेतात, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. आधी मत सांगतो: साप ठेवायच्या रिकाम्या पेटीसाठी ५ पैकी साडेचार, सापाच्या अंगावर वापरायला ३. एकदा फवारून विसरणार असाल तर बाटली घेऊच नका, पैसे पाण्यात जातील.

हे सगळं फक्त परदेशी जातीच्या सापांबद्दल आहे. धामण, मांडूळ, अजगर, नाग असा आपल्याकडचा कुठलाही साप घरात ठेवणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बॉल पायथन साईट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात येतो. २०२४ च्या नियमांप्रमाणे त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. तो कागद हाताशी असला की पशुवैद्यांकडे जायलाही संकोच वाटत नाही.

औषध घेण्याआधी ते खरंच सापाचे माइट आहेत का ते बघा. पेटीत अंथरलेल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) फिकट पांढरे, संथ चालणारे किडे दिसतात. ते बुरशी खाणारे असतात, सापाला काही करत नाहीत. कोकोपीट बदलून पेटी कोरडी केली की जातात. सापाचा माइट काळा किंवा गडद लालसर असतो. रक्त प्यायलेली मादी जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढी, म्हणजे एक मिलिमीटरच्या आसपास. डोळ्याच्या कडेला, जिथे पारदर्शक खवल्याभोवती बारीक खाच असते, तिथे ते टाचणीच्या टोकासारखे रुतून बसतात आणि कड फुगल्यासारखी दिसते. हनुवटीखालची मधली घडी उघडून बघा. ओठांवरच्या खड्ड्यांत बघा. अंगावर पांढरी भुकटी भुरभुरल्यासारखी दिसली तर ती माइटची विष्ठा. ओला पांढरा रुमाल मानेपासून शेपटीपर्यंत हलक्या हाताने फिरवा, त्यावर हलणारे काळे ठिपके किंवा तांबूस रेघा उमटल्या की शंका उरत नाही. साप तासन्‌तास पाण्याच्या भांड्यात बसत असेल तर भांड्याचा तळही तपासा, बुडालेले माइट तिथे मिऱ्याच्या पुडीसारखे साचतात.

कपाशीवरचा लाल कोळी ज्यांनी पाहिलाय त्यांना या जातीचा चिवटपणा माहीत असतो. हा त्याच्याच दूरच्या गोतातला, शास्त्रीय नाव ऑफिओनिसस नॅट्रिसिस. अंड्यातून पिल्लू १ ते ४ दिवसांत बाहेर पडतं, अंडं धरून पाच अवस्था पार करत १३ ते १९ दिवसांत चक्र पूर्ण होतं. मादी ४० दिवसांपर्यंत जगते आणि त्या काळात ६० ते ८० अंडी घालते. अंडी सापाच्या अंगावर नसतात. ती पेटीच्या सांध्यात, लाकडाच्या भेगेत, झाकणाच्या पट्टीखाली असतात. फिप्रोनिल चालत्या-फिरत्या माइटच्या मज्जासंस्थेवर काम करतं आणि एक-दोन दिवसांत त्यांना मारतं. अंड्यांवर त्याचा भरवसा धरता येत नाही. म्हणून पहिल्या फवारणीनंतर चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा ठिपके दिसले की लोक ‘औषध नकली निघालं’ म्हणतात. औषध बरोबर असतं, ती नवी पिढी असते.

आता बाटलीकडे वळू. १०० मिलीच्या बाटलीचा पंप एका दाबात अर्धा मिली सोडतो, २५० मिलीच्या बाटलीचा दीड मिली. हा फरक कुत्र्यासाठी फारसा नाही, सापासाठी मोठा आहे. एका सापासाठी छोटीच घ्या. दर मिलीत अडीच मिलिग्रॅम फिप्रोनिल असतं, आणि ते आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं असतं. सापाला त्रास होतो तो बऱ्याचदा या स्पिरिटचाच. थेट अंगावर मारलं की त्वचा कोरडी पडते, वाफ नाकात जाते, साप तोंड उघडून श्वास घेऊ लागतो. लेबलवर सापाचं नाव नाही. हा वापर लेबलबाहेरचा आहे, म्हणून सापाचं वजन आणि वय सांगून पशुवैद्यांना विचारूनच करा.

सुरुवात पेटीपासून. साप झाकणाच्या स्वच्छ डब्यात काढून ठेवा. सगळं कोकोपीट, साल, वखारीतला भुसा जाड पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि त्याच दिवशी घराबाहेर काढा. लाकडी फांद्या आणि बुचाच्या साली टाकून द्या, त्यांच्या भेगा साफ होत नाहीत. प्लास्टिकच्या वस्तू ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवा. ५०-५५ अंशांना माइट काही सेकंदांत मरतात, पण पाणी सांध्यात शिरायला वेळ लागतो. पेटी साबणाने धुऊन कोरडी करा. मग गॅलरीत नेऊन, हातमोजे घालून, कोपरे, काचेच्या सरकत्या पट्ट्या, बिजागऱ्या, झाकणाची खालची कड यांवर फवारा मारा. दोन फुटी पेटीला छोट्या बाटलीचे १५-२० दाब पुरतात. हीटर आणि दिवा आधीच बंद हवा, स्पिरिट पेट घेतं. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या. वास अजिबात येत नाही तोवर, म्हणजे जवळपास २४ तास, साप आत सोडू नका. तळाला फक्त पांढरा टिश्यू किंवा कोरा कागद अंथरा, नक्षीचा नको, नाहीतर ठिपके दिसणार नाहीत.

सापाला आधी अंघोळ. ३० अंशांचं कोमट पाणी, सापाच्या जाडीच्या निम्म्याइतकं खोल, २० ते ३० मिनिटं, समोर बसून. बरेच माइट बुडतात, उरलेले डोक्याकडे पळतात. आणि साप पोटभर पाणी पितो, हे जास्त महत्त्वाचं, कारण पुढचा एक दिवस पेटीत भांडं ठेवायचं नाही. मग अंग पुसा. सुती कापडावर, किलोभराच्या सापाला छोट्या बाटलीचे ४ दाब, म्हणजे २ मिली, म्हणजे ५ मिलिग्रॅम. कापड अर्धा मिनिट हवेत धरा, स्पिरिट उडू द्या. नंतर मानेच्या मागून शेपटीपर्यंत एकदाच, खवल्यांच्या दिशेने पुसा. पाच मिनिटांनी साध्या पाण्याने धुवा. डोक्याला हे कापड लावू नका. डोळ्याची कड आणि हनुवटीची घडी यांसाठी कापसाच्या काडीवर लिक्विड पॅराफिनचा (पातळ खनिज तेलाचा) एक थेंब पुरे, माइट त्यात गुदमरतात.

हीच फेरी आठव्या, सोळाव्या आणि चोविसाव्या दिवशी करा, प्रत्येक वेळी पेटीसकट. दोन फेऱ्यांनंतर कागद स्वच्छ दिसतो आणि तिथेच बहुतेक जण थांबतात. तिसरी आणि चौथी फेरी उरलेल्या अंड्यांतून निघालेल्यांसाठी असते.

कात टाकायच्या बेतात असलेला, डोळे निळसर झालेला साप, महिन्या-दोन महिन्यांचं पिल्लू, सुकलेला किंवा खाणं सोडलेला साप यांच्या अंगाला फिप्रोनिल लावू नका. त्यांच्यासाठी फक्त अंघोळ, पॅराफिन आणि रोज बदललेला कागद. हिरड्या फिक्या पडल्या असतील तर रक्त बरंच गेलंय, घरगुती उपाय थांबवा. माइट रक्त पितात तेवढंच नाही, एरोमोनास जिवाणूही एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतात.

खानदेशात एक गंमत होते. एप्रिल-मेमध्ये बाहेर ४४-४५ अंश आणि हवा इतकी कोरडी की माइटची अंडी सहज सुकावीत. पण आपण खोलीत कूलर लावतो. माइटला २५ अंशांच्या आसपासचं तापमान आणि ८० टक्क्यांच्या जवळचा ओलावा मानवतो, आणि कूलरसमोरची पेटी त्यांना जवळपास तेच देते. उपचाराचे २४ दिवस पेटी कूलरच्या झोतापासून लांब ठेवा, शक्यतो आतल्या, थंड फरशीच्या खोलीत. पेटीतलं तापमान ३३ च्या वर जाता कामा नये. ओलावा सापालाही हवाच, म्हणून पहिल्या २४ तासांनंतर पाण्याचं भांडं परत ठेवा. कात टाकायची वेळ आली तर ओल्या मॉसचा (शेवाळाचा) वेगळा डबा द्या आणि त्यातला मॉस दर दोन दिवसांनी टाका. पावसाळ्यात मात्र हवाच माइटच्या बाजूने असते, तेव्हा कागद दिवसाआड बदलावा लागतो.

फिप्रोनिल सोसत नसेल तर दुसरा पर्याय आयव्हरमेक्टिनचा. गुरांच्या मेडिकलमध्ये १ टक्क्याचं इंजेक्शन मिळतं. त्यातलं अर्धा मिली १ लिटर पाण्यात, म्हणजे लिटरला ५ मिलिग्रॅम, दरवेळी जोरात हलवून पेटीत फवारायचं, कारण ते पाण्यात नीट विरघळत नाही. दर ३ ते ५ दिवसांनी, चार आठवडे. स्वस्त आहे, स्पिरिटची झळ नाही, पण काम हळू. बॉल पायथनला याचं इंजेक्शन स्वतः देऊ नका, मान वाकडी होणं, तोल जाणं असे त्रास नोंदले गेले आहेत. घरात कासव असेल तर ही बाटली त्याच्या आसपासही नको, कासवाला आयव्हरमेक्टिन जीवघेणं आहे.

आता जे करू नये ते. शेतातलं फिप्रोनिल ‘औषध तेच तर आहे’ म्हणून पातळ करून वापरू नका. ५ टक्क्यांच्या त्या बाटलीत मिलीला ५० मिलिग्रॅम असतं, स्प्रेच्या वीसपट, शिवाय त्यातले मिसळक सापासाठी नाहीत. गुरांच्या गोचिडांवरचं डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ सापावर नको. रॉकेल, डांबर गोळ्या, तंबाखूचं पाणी यांनी माइटच्या आधी साप मरतो. कडुनिंबाच्या तेलाने वास येतो, खवले चिकट होतात, माइट राहतात.

पेटी एकाहून जास्त असतील तर एकावर उपचार करून भागत नाही, माइट भिंतीवरून चालत जातात. दुधाच्या कपाटाच्या पायाखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवतात, तसंच मांडणीच्या पायाखाली करा आणि पेटीच्या वरच्या कडेला आतून बोटभर रुंद व्हॅसलिनचा पट्टा ओढा. नवा साप आणला की ४५ दिवस वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर. त्याचं काम दिवसात सगळ्यात शेवटी, आणि त्यानंतर हात धुऊन कपडे बदला. मनगटावर बारीक खाजरे फोड आले तर माइट तुम्हालाही चावलेत.

उरलेली बाटली उन्हाच्या खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात ते धोक्याचं आहे. पेटी धुतलेलं पाणी नाल्यात, विहिरीजवळ किंवा फुललेल्या झाडांच्या आळ्यात ओतू नका, फिप्रोनिल मासे आणि मधमाश्या दोघांनाही मारतं. घरात ससा असेल तर हा स्प्रे त्याच्या खोलीत उघडूही नका. चार फेऱ्या करूनही पाचव्या आठवड्यात कागदावर काळा ठिपका चालताना दिसला, तर औषध वाढवू नका. झाकणाची पट्टी, थर्मोस्टॅटच्या वायरचं भोक आणि पेटीखालचा टेबल पुन्हा तपासा, अंडी बहुतेक तिथेच सापडतात.