स्नोमोबाइल: एक पाइप की दुसऱ्या मॉडेलचे तीन?

तीन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक स्नोमोबाइलला (बर्फावर पळणाऱ्या गाडीला) कंपनीचा तीन-मिळून-एक एक्झॉस्ट पाइप, म्हणजे धूर बाहेर नेणारा पाइप, ठेवायचा, की त्याच इंजिन-घराण्यातल्या रेसिंग मॉडेलचे तीन स्वतंत्र पाइप चढवायचे?

एक पाइप हलका, हुडखाली (इंजिनावरच्या झाकणाखाली) मोकळी जागा ठेवणारा. मधल्या आरपीएमला (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या) ओढ चांगली. झाडांमधून, खोल बर्फात हाच बरा. तीन पाइपची खरी ताकद वरच्या आरपीएमला, म्हणजे गोठलेल्या तलावावरच्या सरळ धावेला.

नुसते पाइप आणून भागत नाही. त्यांचं मॅनिफोल्ड, सायलेन्सर, स्प्रिंगा, उष्णतारोधक पत्रे असं सगळं त्याच मॉडेलचं घ्या. पोर्टची (सिलिंडरमधून धूर बाहेर पडण्याच्या भोकांची) मापं आणि बोल्टची अंतरं आधी ताडून बघा. हुडला आतून मातीचे छोटे गोळे चिकटवून हुड दाबून बंद करा. गोळा फारच चपटा झाला, तर तिथे हुडचं प्लास्टिक वितळू शकतं.

घात होतो तो जेटिंगमध्ये, म्हणजे कार्बुरेटरमधून किती पेट्रोल जाईल ते ठरवणाऱ्या जेटच्या निवडीत. नवे पाइप जास्त हवा खेचतात, हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं (पेट्रोल कमी पडतं), पिस्टन जाम होतो. थंडी वाढली की हवा दाट होते, धोका आणखी वाढतो. म्हणून मेन जेट दोन-तीन नंबर मोठा घालूनच सुरुवात करा. फुल थ्रॉटलवरून इंजिन थेट बंद करून स्पार्क प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग बघा: तपकिरी ठीक, पांढरा दिसला तर पुढे पळवूच नका.

पाइप ज्या आरपीएमला पूर्ण ताकद देतो तो वर सरकला की क्लचमधली वजनं (वेट) हलकी हवीत. हे करणार नसाल तर एक पाइपच ठेवा. जुन्या क्लचवर तीन पाइपची गाडी एका पाइपच्या गाडीहूनही मंद पळू शकते.