कामगार कायद्याची पुस्तकं घ्यायचीत? अप्पा बळवंत चौकातल्या काकांकडे जा
माझं बीकॉम झालंय. यंदा कामगार कायदा आणि कामगार कल्याणाचा डिप्लोमा करायचाय. कायद्याचं पुस्तक कधी हातात धरलेलं नव्हतं, म्हणून सुट्टीतच तयारी करू म्हटलं आणि एका क्लासच्या नोट्स घेतल्या. बाराशे रुपये पाण्यात! झेरॉक्सची झेरॉक्स, निम्मी अक्षरं पुसट, आणि जुने कामगार कायदे एकत्र करून केंद्राने केलेल्या नव्या चार कामगार संहितांचा उल्लेखही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या लागू झाल्यात, मग पोरांना जुनंच का विकायचं?

मग पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या बोळातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. काकांनी दोन पुस्तकं काढली. एक औद्योगिक संबंध संहिता, २०२०, म्हणजे त्या चारपैकीच एक, कोरी. दुसरं १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याचं, पिवळं पडलेलं. मी म्हटलं, "काका, हा कायदा तर गेला ना?" तर म्हणाले, "कोर्टाचे इतक्या वर्षांचे निकाल याच कलमांवर आहेत बाळा. कामगार कपातीच्या अटींचं कलम, पंचवीस-एफ, माहीत नसेल तर निकाल कसा वाचशील?" दोन्ही मिळून ३४० रुपये झाले.

आता दोन्ही शेजारी ठेवून वाचतेय. कामगार कपातीला सरकारची परवानगी आधी १०० कामगारांपासून लागायची, आता ३००पासून. आम्ही भोसरीत राहतो. तीनशेच्या आतले कारखाने इथे गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे तो आकडा वाचून पोटात गोळाच आला.

जुन्या पुस्तकात पंचवीस-बी कलमाशेजारी कोणीतरी पेन्सिलीने एप्रिल ते ऑक्टोबरचे दिवस मांडलेत. बेरीज २१४. खाली २४० लिहून त्याला दोनदा गोल केलाय. वर्षात २४० दिवस भरले की सलग सेवा धरली जाते, आणि मग कपात करताना नोटीस नि भरपाई द्यावी लागते. माझ्या दादाला दरवेळी सात महिन्यांनी ब्रेक का देतात, ते मला त्या समासात कळलं. त्या माणसाचे दिवस भरले असतील का, हे अजून मनातून जात नाही.

दुकान अरुंद आहे, पुस्तक परत घेत नाहीत आणि मराठीतलं फार कमी मिळतं. महाराष्ट्राच्या १९७१च्या अनुचित कामगार प्रथांच्या कायद्याचं पुस्तकही तेव्हा दुकानात नव्हतं. काकांनी वहीत माझा नंबर लिहून घेतला, मी काही आशा धरली नव्हती. आठव्या दिवशी त्यांचा फोन आला, "पुस्तक आलंय, बाजूला काढून ठेवलंय." जाताना अभ्यासक्रमाची यादी सोबत न्या, ते एकेक नाव वाचून काय लागेल नि काय नको ते सांगतात.