माजी सैनिक निवासाची बाग: आराखडा उत्तम, पायवाट फसलेली

नागपुरातल्या माजी सैनिकांच्या एका निवासाचं आवार इथल्याच एका लँडस्केप फर्मने नव्याने करून दिलं आहे. आराखडा जाणत्या माणसाचा आहे. मुख्य पायवाट १.८ मीटर, म्हणजे समोरासमोरून दोन व्हीलचेअर सहज जातात. रॅम्पचा उतार १:१२, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढ. बाकांना हात आहेत, बैठक ४५ सेंमीवर. गुडघे दुखणाऱ्याला उठताना आधार मिळतो. बाकांची पाठ भिंतीला आणि तोंड फाटकाकडे, हे तर खास. लढाई पाहिलेल्या काहींना पाठीमागून कोणी आलेलं अजूनही खपत नाही.

गडबड आहे ती जमिनीखाली. नागपूरची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पेव्हर ब्लॉकखालची ही माती निदान ४५ सेंमी काढून मुरूम भरायला हवा, तोही १५-१५ सेंमीच्या थरांत पाणी मारून, रोलरने दाबून. वर खडी, मग चुरी (दगडाची बारीक कच), आणि दोन्ही कडांना काँक्रीटचा कर्ब. इथे माती वरवर खरवडली आणि थेट चुरी पसरली. एका पावसाळ्यात ब्लॉक वरखाली झाले. दोन सेंमीचा उंचवटा धडधाकट माणसाच्या लक्षातही येत नाही; कुबडी किंवा जयपूर फूटवाला त्याच्यावरच अडखळतो. नंतर फटींत सिमेंट भरून दिलं, पण त्याने काय होणार? खालची माती तीच आहे.

रेलिंग उघड्या स्टीलचं. मे महिन्यात पारा ४५ला टेकतो तेव्हा त्याला हात लावून दाखवावा. प्लास्टिकचं आवरण तरी चढवायचं!

झाडांत कडुनिंब, करंज, बकुळ ठीक. पण बाकांवर गुलमोहर कशाला? त्याच्या फांद्या ठिसूळ, वादळात मोडतात. खिडक्यांलगतची सप्तपर्णी तर काढाच. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिच्या फुलांचा उग्र वास दमेकऱ्यांना सोसत नाही. ठिबक आहे, पण बोअरच्या जड पाण्याने ड्रिपर क्षारांनी बुजतात, आणि नळ्यांच्या टोकांना धुऊन काढायची सोयच ठेवलेली नाही.

आराखड्यासाठी ही फर्म जरूर घ्या. पायवाटेचं काम मात्र रस्त्याची कामं करणाऱ्या ठेकेदाराला द्या, खोदाईची खोली वर्क ऑर्डरमध्ये लिहा, मुरूम भरण्याआधी खड्डा टेपने मोजा. शेवटचा हप्ता पावसाळा उलटल्यावर.