बोलेन्स पायथन: घेण्याआधी घरातलं रात्रीचं तापमान मोजा

हा अजगर उन्हात धरून बघावा. सावलीत नुसता काळा वाटणारा साप उन्हात आला की अंगभर निळी-जांभळी झाक उठते. मानेपासून पोटाकडे फिकट पिवळे पट्टे उतरतात, ओठावरच्या काळ्या खवल्यांना पांढरट कड दिसते. ही झाक रंगाची नव्हे. खवल्यांच्या वरच्या थराची सूक्ष्म रचना उजेड फोडते आणि खालचा काळा रंग तिला उठाव देतो. पिल्लं मात्र तांबूस तपकिरी असतात. काळी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात, तेवढा धीर हवा.

न्यू गिनीच्या उंच डोंगरातला, साधारण 1,000 मीटरच्या वरचा हा साप. 1953 साली त्याचं शास्त्रीय वर्णन झालं, तरी बंदिवासात त्याची वीण आजही फार थोड्यांना जमते. म्हणून किंमत चढी आणि खोटेपणाही भरपूर. 'फार्म-ब्रेड' (म्हणजे पाळलेल्या जोडीची पिल्लं) लिहिलंय म्हणून भुलू नका. जंगलात धरलेल्या मादीची अंडी उबवून काढलेली पिल्लंही त्याच नावाने खपतात. आईबाप कुठे आहेत ते विचारा, त्यांचे फोटो मागा. घरी आणल्यावर 90 दिवस वेगळं ठेवा, विष्ठेत जंत तपासा, तोंडातला स्वॅब घेऊन सर्पेंटोव्हायरस या सापांच्या श्वसनरोगाच्या विषाणूची चाचणी करून घ्या.

पिंजरा किमान 180 × 90 × 60 सेंटीमीटर, आत बसायला रुंद फळी. दिवसा ऊब घेण्याची जागा 31–32 अंश, थंड टोक 23–24, आणि रात्री सगळीकडे 18–20. बहुतेक जण इथेच चुकतात: बॉल पायथन या उष्ण प्रदेशातल्या अजगराच्या हिशेबाने रात्रभर गरम ठेवतात. ऊब छताला लावलेल्या हीट पॅनेलने द्यावी. जमिनीवरच्या मॅटवर हा जड साप तासन्‌तास पडून राहतो आणि पोट भाजून घेतो. थर्मोस्टॅट प्रपोर्शनल, म्हणजे ऊब हळूहळू कमी-जास्त करणारा घ्या, साध्या ऑन-ऑफमध्ये तापमान वरखाली होत राहतं. त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, फळीला क्लिपने घट्ट बसवा. चिकटपट्टी कधीच नको, ती सुटून खवल्यांना चिकटते आणि काढताना कातडी सोलते. आर्द्रता 60–70 टक्के चालेल, पण हवा खेळती हवी. कोंदट ओलीत फुफ्फुसाचा संसर्ग होतो.

मुंबई-गोव्याच्या उकाड्यात अशा थंड रात्री एसीशिवाय मिळणार नाहीत. शिवाय भारतात आयातीची परवानगी आणि नोंदणी, दोन्ही लागतात. आपला देशी अजगर पाळणं तर सरळ गुन्हाच आहे.

खाण्याच्या बाबतीत हात आखडताच ठेवा. मोठ्याला तीन-चार आठवड्यांनी एक उंदीर पुरतो, तोही गोठवलेला, पूर्ण वितळवून कोमट केलेला. वेटोळं घालून नुसता बसलेला असतानाही खवल्यांमधली कातडी दिसू लागली, शेपटीच्या मुळाशी वळ्या पडल्या, की तो लठ्ठ झालाय. मग दोन खाण्यांमधलं अंतर वाढवा.