नवशिक्या हातांसाठी टायर : स्प्लेंडरचे दोन्ही टायर बदलल्यानंतरचे दहा महिने

चोपडा तालुक्यात कृषी सहायक म्हणून काम करताना मला रोज तीन-चार गावांच्या शिवारांत जावे लागते. स्कूटर मला आधीपासून येत होती, परंतु तिची लहान चाके केळीच्या बागांकडे जाणाऱ्या शेतरस्त्यांच्या चाकोऱ्यांत अडकत असत. म्हणून डिसेंबर 2023 मध्ये, वयाच्या 34व्या वर्षी, मी मोटारसायकल शिकले आणि 2020 सालची वापरलेली हिरो स्प्लेंडर प्लस घेतली. मे 2024 मध्ये तिचे दोन्ही टायर बदलले. आज मार्च 2025 संपत आला असून त्या टायरांवर 8,200 किलोमीटर झाले आहेत. एक पूर्ण पावसाळा, कापूस वेचणीचा हंगाम, हिवाळा आणि दोन्ही टोकांचे ऊन एवढे त्यांनी पाहिले आहे.

टायर बदलण्याआधी जे घडले ते सविस्तर सांगते, कारण माझी निवड त्यातूनच झाली. जानेवारीत अडावदजवळ एका बागेतून निघालेल्या ट्रॅक्टरने ठिबकच्या पाण्याने ओली झालेली काळी माती डांबरावर आणून टाकली होती. मी वेग कमी करून ब्रेक लावला, पुढचे चाक सरकले आणि मी पडले. गुडघा खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पण भोवती जमलेले सगळे म्हणाले की ताई नवीन आहेत, आणि मलाही तेच खरे वाटले. त्यानंतर मी पुढच्या ब्रेकला हात लावणेच सोडले. हा उपाय किती फोल होता ते पुढे कळले. या गाडीत संयुक्त ब्रेक आहे, म्हणजे पायाचा ब्रेक दाबला की मागच्या चाकाबरोबर पुढचे चाकही काही प्रमाणात धरले जाते. पुढचा टायर निकामी असेल तर केवळ पायाने ब्रेक लावून त्याच्यापासून सुटका होत नाही.

मागचा टायर झिजून गोटा, म्हणजे गुळगुळीत, झाला होता, त्यामुळे तो बदलायचा हे उघड होते. दुचाकीच्या टायरची नक्षी किमान 0.8 मिलिमीटर खोल असावी असा नियम आहे, आणि मध्यभागी ती तेवढीही उरली नव्हती. पुढच्या टायरची नक्षी मात्र चांगली दिसत होती. गॅरेजवाले दादा आपुलकीनेच म्हणाले, "ताई, मागलं बदली टाका, पुढलं आजून वरीसभर चाली." मी जवळजवळ मान्य केले होते. मग टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचले : 1020. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. म्हणजे तो टायर मार्च 2020 मध्ये बनलेला होता. आधीच्या मालकाकडे गाडी अंगणात उघड्यावर उभी असे, आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. नक्षीच्या तळाशी बारीक भेगा पडल्या होत्या. अंगठ्याचे नख दाबून पाहिले तर रबर दबलेच नाही. नक्षी शिल्लक होती, पण रस्ता धरून ठेवणारा मऊपणा उन्हाने शोषून घेतला होता.

मला सर्वांत कळकळीने सांगायचे आहे ते इथेच. मुरलेल्या चालकाला टायर बिघडल्याचे हाताला समजते, कारण चांगला टायर कसा वागतो हे त्याला ठाऊक असते. नवशिक्याकडे तुलनेसाठी काहीच नसते; तो टायरचा दोष स्वतःच्या हाताचा दोष मानतो, आणि त्या समजुतीतून चुकीच्या सवयी लावून घेतो. ब्रेक अर्धवट लावणे, वळणावर अंग आखडणे, ओला रस्ता दिसताच दोन्ही पाय खाली सोडणे या माझ्या तिन्ही सवयी त्या एका कडक टायरने लावल्या होत्या.

आकाराच्या बाबतीत घरात बराच वाद झाला. माझे धाकटे दीर मागे रुंद टायर बसवा म्हणून आग्रह करीत होते. "वहिनी, रुंद टायरला पकड जास्त," हे त्यांचे म्हणणे ऐकायला पटण्यासारखे आहे. परंतु अरुंद रिमवर रुंद टायर बसवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा अधिक गोल होतो आणि गाडी झुकवताना वेगळी वागू लागते. त्याहून मोठे कारण आपल्या मातीचे आहे. पावसाळ्यात शेतरस्त्यावरची काळी माती चाकाला थरावर थर चिकटत जाते आणि मडगार्डमध्ये ठासून बसते. शेवटी चाक फिरणेच बंद होते आणि काडीने माती उकरावी लागते. टायर रुंद झाला तर मडगार्डखालची जागा कमी होते. म्हणून मी दोन्हीकडे कंपनीने दिलेला 80/100-18 हाच आकार ठेवला. पुढचा 47पी आणि मागचा 54पी आहे. म्हणजे अनुक्रमे 175 आणि 212 किलोचा भार आणि ताशी 150 किलोमीटर वेगाची मर्यादा. बियाण्यांच्या पिशव्या आणि मागे एखाद्या शेतकरी ताई बसल्या तरी मागच्या टायरला हे पुरेसे आहे.

नक्षी निवडताना बटन टायरचा, म्हणजे सुट्या उंच ठोकळ्यांच्या टायरचा, मोह मलाही झाला होता. मुरमाच्या कच्च्या वाटेवर तो चांगला चालतो यात शंका नाही. पण ओल्या काळ्या मातीत त्याच्या बटनांमधल्या फटी काही फुटांतच भरतात आणि तो गुळगुळीत टायरासारखाच होतो. शिवाय माझ्या फिरण्यातला तीन चतुर्थांश भाग डांबरावरचा आहे, आणि डांबरावर बटन टायरचे कमी रबर टेकते. मी मागे रुंद ठोकळ्यांची, रस्त्यासाठीची नक्षी घेतली आणि पुढे उभ्या चिरांचा टायर घेतला. उभ्या चिरांमुळे पुढचे चाक सरळ रेषेत स्थिर राहते आणि पाणी मागे निघून जाते.

दुकानात एमआरएफ, सिएट, अपोलो, टीव्हीएस युरोग्रिप असे सगळेच होते. मी घेतलेल्या कंपनीचे नाव देत नाही, कारण या आकारात आणि या नक्षीत इतरांचेही टायर मिळतात. निवड आकाराची, नक्षीची आणि ताजेपणाची आहे. एका दुकानदाराने आधी दोन वर्षे पडून असलेला टायर पुढे केला. मी आकडे वाचून तो परत केला, तेव्हा आतून 2024 च्या आठव्या आठवड्यातला निघाला. दोन्ही टायर, नवे व्हॉल्व्ह आणि बसवणावळ मिळून 3,600 रुपये लागले. बसवताना समोर उभे राहावे, कारण टायरच्या बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो आणि माझा पुढचा टायर घाईत उलटा चढवला जात होता.

नव्या टायरची कातडी सुरुवातीला निसरडी असते. पहिले 150 किलोमीटर मी वळणावर गाडी फारशी झुकवली नाही. त्यानंतर एका रविवारी बाजार समितीच्या रिकाम्या आवारात ताशी 30 च्या वेगावरून पुढचा ब्रेक हळूहळू वाढवत नेण्याचा सराव केला. चाक सरकले नाही. पाच महिने ज्या ब्रेकला मी भीत होते, तो त्या सकाळी पुन्हा शिकले, आणि तेव्हा मला खरोखर भरून आले.

पावसाळ्यात विदगावच्या तापी पुलावरून जळगावला अनेकदा जाणे झाले. ओल्या डांबरावर दोन्ही टायरांनी एकदाही दगा दिला नाही. चिखलात मात्र फरक जेमतेम जाणवला. वर्डीच्या शिवारात दोनदा गाडी बांधावर लावून पायी गेले, आणि तशा रस्त्यावर नवशिक्याने तेच करावे असे माझे मत आहे.

हवेबद्दल आमच्याकडे एक घातक समजूत आहे. उन्हाळ्यात टायर फुटेल म्हणून लोक हवा कमी ठेवतात. प्रत्यक्षात हवा कमी असली की टायरच्या भिंती जास्त दुमडतात आणि टायर आतून अधिक तापतो. एकटीसाठी पुढे 25 आणि मागे 28 पीएसआय ही माहितीपुस्तिकेतली हवा मी दर सोमवारी सकाळी, गाडी थंड असताना तपासते. मागे कोणी बसणार असेल तर पुस्तिकेप्रमाणे मागची वाढवते. दुपारी तापलेल्या टायरची हवा दोन-तीन पीएसआय जास्तच दिसणार. ती काढू नये.

दहा महिन्यांत तीन पंक्चर झाले, दोन बाभळीच्या काट्याने आणि एक कापसाच्या कापलेल्या पऱ्हाटीच्या खुंटाने, तिन्ही मागच्या चाकात. ट्यूबलेस असल्यामुळे हवा एकदम गेली नाही आणि प्रत्येक वेळी मी गाडी चालवत गावापर्यंत पोहोचले. काटा मात्र दिसत नाही. सोमवारच्या मोजणीत हवा कमी आढळली तेव्हाच दोनदा तो सापडला.

तक्रारी दोन आहेत. पुढचा टायर मुरमावर, विशेषतः उनपदेवच्या बाजूला गेले की, किंचित हिंदकळतो. उभ्या चिरांची ती किंमत आहे. मागचा टायर ताशी 50 च्या पुढे बारीक गुणगुणतो, आणि अजूनही ते कानाला खटकते. झिजण्याबाबत समाधान आहे : मागची नक्षी 7 मिलिमीटरवरून 5 वर आली आहे, पुढच्याची झीज मोजपट्टीवर जेमतेम दिसते. गाडी आता कार्यालयातही लिंबाच्या सावलीत उभी करते.

गेल्या आठवड्यात आमच्या कार्यालयातल्या एका नव्या सहकारी ताईंनी जुनी मोटारसायकल घेतली. वळणावर भीती वाटते, अजून जमत नाही, असे त्या म्हणत होत्या. आम्ही दोघींनी खाली बसून पुढच्या टायरवरची धूळ पुसली. आकडे निघाले 3918. येत्या रविवारी आम्ही चोपड्याला टायरच्या दुकानात जाणार आहोत.