रेझिन ब्लास्टर किट: डिलिव्हरी झकास, पण पीस चक्क रीकास्ट

पॅकिंग एकदम छान होतं, वेळेवर आलं, सेलर मेसेजला पटापट उत्तर देतो, रेझिनपण हलक्या प्रतीचं नाही, त्यामुळे कुणी याला पाच स्टार दिले असतील तर मी समजू शकतो. मी एकच देतोय आणि का ते जरा सविस्तर सांगतो, कारण प्रॉप रेप्लिका (सिनेमातल्या वस्तूंच्या प्रतिकृती) जमवणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी असा रीकास्ट माल (दुसऱ्याच्या पीसवरून साचा काढून मारलेली कॉपी) विकला जातो.

किट आहे स्टॉर्मट्रूपरच्या (स्टार वॉर्समधल्या सैनिकाच्या) ब्लास्टर बंदुकीचा, पोकळ रेझिन कास्ट (पातळ प्लॅस्टिक साच्यात ओतून घट्ट केलेला), सँडिंग करून रंगवायचा. १९७७ च्या पहिल्या स्टार वॉर्समधला तो ब्लास्टर मुळात खऱ्या ब्रिटिश स्टर्लिंग सबमशीन गनवर बनवला होता, वर जुनी दुर्बीण आणि बाजूला हेंगस्टलर कंपनीचा आकडे मोजायचा काउंटर लावलेला. म्हणजे याचा चांगला मास्टर (ज्यावरून साचा काढतात तो मूळ नमुना) करायचा तर स्टर्लिंगची मापं पाहिजेत, काउंटरचं नेमकं मॉडेल शोधायला पाहिजे, आणि सिनेमातली एकेक फ्रेम थांबवून कुठला स्क्रू कुठे ते बघत बसायला पाहिजे. या कामात लोकांची वर्षं जातात हो, खरंच.

सेलरने लिहिलं होतं 'आमचा स्वतःचा मास्टर'. माझ्या एका मित्राकडे याच ब्लास्टरचा पीस आहे, ज्याने तो मुळात घडवला त्या मेकरकडून वेटिंग लिस्टमधे थांबून घेतलेला. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि पाच मिनिटांत विषय संपला. मित्राच्या पीसवर काउंटरच्या डब्याच्या मागच्या कोपऱ्यावर एक बारीक तिरका ओरखडा आहे, मास्टर घासताना फाईल निसटल्यासारखा, तो सिनेमातल्या ब्लास्टरवर नाही, खऱ्या हेंगस्टलरवर नाही, तो फक्त त्या माणसाच्या हातून झालेला आहे. माझ्या किटवर तोच ओरखडा, त्याच जागी, त्याच कोनात, फक्त कडा बोथट झालेल्या. आणि ग्रिपच्या आतल्या बाजूला जिथे मेकर आपली खूण कोरतो तिथे पुट्टी भरून घासलेलं, पण टॉर्च आडवा धरला की अक्षरांचे खळगे दिसतात. ओरखडा एकवेळ योगायोग म्हणता येईल, पण पुट्टी कुणीतरी हाताने भरली, म्हणजे खूण कुणाची आहे हे त्याला माहीत होतं आणि ती तुम्हाआम्हाला दिसू नये असं वाटत होतं. माझ्यासाठी सगळा निकाल तिथेच लागला.

क्वालिटीचं पण सांगतो. रीकास्ट म्हणजे दुसऱ्याचा तयार पीस विकत घ्यायचा, त्यावर सिलिकॉन ओतून मोल्ड काढायचा आणि त्यातून रेझिनच्या कॉप्या मारायच्या. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं आहे ते. रेझिन घट्ट होताना थोडं आकसतं, स्वस्तातलं टिन क्युअर सिलिकॉन पण आकसतं (प्लॅटिनमवालं जवळजवळ नाही), आणि प्रत्येक पिढीत हे वाढत जातं. अर्ध्या मीटरच्या पीसमधे एक टक्का गेला तरी ५ मिलिमीटर गेले. माझा पीस मित्राच्या पीसपेक्षा डोळ्यांना कळेल इतका आखूड आहे, बॅरलवरची भोकं अंडाकृती झालीयेत, काउंटरचे आकडे वाचता येत नाहीत, कडांवर बारीक बारीक बबल्स. हे सगळं पुट्टी आणि प्रायमर मारून लपतं, पण समजा उद्या एखाद्याने एकदम कडक रीकास्ट काढला, एक मिलिमीटर इकडे तिकडे नाही, तरी माझं मत तेच राहील.

आता यावर ठरलेलं उत्तर येतं की बाबा सगळेच कॉपी करताय, डिझाईन स्टुडिओचं, मग मेकरने तरी कुणाला विचारलं? प्रश्न बरोबर आहे आणि तो टाळू नये. बिनलायसन्सचा प्रॉप विकणारा प्रत्येक जण कायद्याच्या कडेवरूनच चालतो. अँड्र्यू एन्सवर्थची केस बघा, १९७७ च्या सिनेमासाठी स्टॉर्मट्रूपरची हेल्मेट ज्याने बनवली तोच माणूस पुढे ती विकायला लागला, २००६ मधे अमेरिकन कोर्टाने त्याच्याविरुद्ध २ कोटी डॉलरचा निकाल दिला आणि २०११ मधे ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने म्हटलं की हेल्मेट हे शिल्प नाही, त्यामुळे तिथे शिल्पाचं कॉपीराइट त्याला लागू नाही. एकच हेल्मेट आणि दोन देशांत दोन निकाल. तेव्हा कायदा दाखवून रीकास्टरला चोर ठरवायला मी जाणार नाही.

पण पडद्यावर बघून स्वतःच्या हाताने घडवणं आणि घडवलेल्याचा साचा काढणं, यात फरक आहे तो आहेच. पहिला माणूस स्टुडिओचं काही बुडवत असेल नसेल, पण कष्ट त्याचे स्वतःचे आहेत. दुसरा फक्त त्या कष्टांवर सिलिकॉन ओततो, आणि ज्याचं घेतलं तो कुठली मोठी कंपनी नसतो, रात्री जागून काम करणारा एकटा माणूस असतो. रीकास्ट स्वस्तात यायला लागले की त्याची लिस्ट रिकामी होते, मग तो पुढचा मास्टर करतच नाही, आणि नुकसान आपलंच.

खरा हेंगस्टलर काउंटर मिळवून त्याचा मोल्ड काढला तर माझी काही हरकत नाही, तो कारखान्यातला पार्ट आहे. मेकरने काम कायमचं बंद केलंय आणि विचारूनही उत्तर येत नाही, तर स्वतःच्या शेल्फसाठी एखादा कास्ट काढणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही, विकायला मात्र नाही काढायचा. थ्रीडी फाईलचंही तेच, दुसऱ्याची फाईल घेऊन प्रिंट विकायचे तर आधी लायसन्स वाचा, बऱ्याच फाईल फक्त वैयक्तिक वापरासाठी दिलेल्या असतात.

घेण्याआधी सेलरकडे मास्टरचे फोटो मागा, अर्धवट अवस्थेतले, वेगवेगळे मटेरियल जोडलेले दिसतील असे. ज्याने खरंच घडवलंय त्याच्याकडे असे ढिगाने असतात आणि तो खुशीत दाखवतो. मी पीस आल्यावर मागितले तर दोन दिवस उत्तरच नाही, एरवी पाच मिनिटांत रिप्लाय देणारा माणूस.

मग मी ओरखड्याचे फोटो पाठवले. लगेच फुल रिफंड देतो म्हणाला, पण पीस परत पाठवा ही अट. परत गेला की तो पुन्हा डब्यात भरून दुसऱ्या कुणाला तरी 'आमचा स्वतःचा मास्टर' म्हणून जाणार हे उघड आहे, म्हणून मी रिफंड सोडला. किट माझ्याकडेच राहील, रंगवणार नाही, विकणार नाही, आणि दोन्ही पीसचे फोटो मूळ मेकरला पाठवलेत.