छात्राध्यापकांचा ऑनलाइन गणिताचा वर्ग: हर्णैहून आमचा अनुभव

माझी मुलगी आठवीत आहे. गणपतीनंतर दोन महिने, आठवड्यातून तीनदा, संध्याकाळी ७ वाजता ती बी.एड.च्या छात्राध्यापकांच्या गणिताच्या वर्गाला बसली. गूगल मीटवर ४० मिनिटं. फी नाही, कारण हे त्यांचे सराव पाठ. मी शेजारीच मासळीचा हिशेब लिहीत बसायचे, त्यामुळे सगळं कानावर पडायचं.

पहिल्या आठवड्यात तिचं नाव काढायचंच ठरवलं होतं. एक छात्राध्यापक स्लाइड वाचून दाखवायचे आणि शेवटी विचारायचे, "समजलं का सगळ्यांना?" चॅटमध्ये भराभर "हो" यायचे. आमची बाय "हो" लिहून मांजराशी खेळत होती.

मग 'चलन' (एक राशी बदलली की दुसरी कशी बदलते) हा धडा शिकवायला दुसऱ्या ताई आल्या. त्यांनी सगळ्यांना पाटी घेऊन बसवलं. प्रश्न विचारायच्या नि चांगलं अर्धा मिनिट गप्प राहायच्या. मग "पाटी वर!" म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम कॅमेऱ्यासमोर. दुसऱ्याचं बघून लिहायला वेळच नाही. कॅमेरा नसलेल्यांनी उत्तर चॅटमध्ये लिहून ठेवायचं आणि त्याच क्षणी पाठवायचं. चुकलेल्या पाटीलाही त्या विचारायच्या, "हे कसं काढलंस, सांग बघू." त्या विचारण्यात धाक नव्हता, म्हणून मुलं बोलायला लागली.

एकदा त्यांनी विचारलं, "आज भरती किती वाजता?" ताई घाटावरच्या, त्यांना खरंच माहीत नव्हतं. मुलगी ओरडली, "आजोबा, तिथी काय?" सासरे आतून म्हणाले, "पंचमी. तिथीची पाऊणपट कर." पाच पाऊणे पावणेचार! ताईंनी ते तिच्याकडून नीट समजून घेतलं आणि तिथेच जिओजेब्रा या आलेख काढायच्या अ‍ॅपवर बिंदू मांडले: चतुर्थीला ३, पंचमीला पावणेचार, अष्टमीला ६. सगळे एका सरळ रेषेत. हेच समचलन, म्हणजे एक वाढलं की दुसरं त्याच पटीत वाढतं, आणि पाऊण हा चलनाचा स्थिरांक. सासरे पाटावरून उठून मोबाइलजवळ येऊन बसले. एका मुलाने विचारलं, पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदा येते, मग रेषेचं काय? ताईंनी उत्तर दिलं नाही, ती रेष मुलांनाच काढायला लावली. पाऊण तास हा ठोकताळा आहे, भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, हेही सांगितलं आणि १५ तिथींत किती फरक पडतो ते घरी काढायला दिलं.

तक्रार एकच, पण मोठी. मुलं रुळली की छात्राध्यापक बदलतात. नवे येतात ते पाठ टाचणाला (आधी लिहून आणलेल्या पाठाच्या आराखड्याला) धरून बसतात, कारण मार्गदर्शक कॅमेरा बंद ठेवून निरीक्षण करत असतात. एक घटक तरी एकाच्याच हाती पूर्ण द्यावा. पावसात रेंज जाते त्याला त्यांचा इलाज नाही. ताई मात्र त्यामुळे हुकलेली गणितं फोटो काढून पाठवायच्या.

मी पुढच्या तुकडीतही नाव घातलंय. तुम्ही घालणार असाल तर पाटी आणि ओलं फडकं आधीच जवळ ठेवा.